समेटाची वायर

विजेच्या जगात वैर नसतं, फक्त इम्पीडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, जुळत नाही, असं थोरला सांगायचा. सख्ख्या धाकट्या भावाशी तो सहा वर्षं बोलत नव्हता.

शेवटी आईच्या हट्टापायी दोघं एका टेबलाशी बसले. अट एकच: थोरल्याने घरी बनवलेला, आवाजाला आधी उठाव देणारा ट्यूब प्रीअँप धाकट्याच्या, स्पीकर वाजवणाऱ्या पॉवर अँपवर वाजला, की समेट.

"तुझ्या डब्यात माझा आवाज मरेल," थोरला म्हणाला.

"मुळातच मरतुकडा आहे तो, दादा. थांब, इनपुटचा रेझिस्टर बदलतो."

धाकट्याने आपल्या अँपचं झाकण उघडलं. आत चारशे व्होल्ट होते, प्लग काढायचा राहिला होता. थोरल्याला भिंतीतला प्लग दिसला. तो गप्प बसला.

स्पीकरमधून थोरल्याचा आवाज आला, "घाल, घाल हात."

धाकट्याचा हात थबकला. थोरल्याचे ओठ मिटलेले होते.

दोन्ही डबे जोडायची वायर अजून थोरल्याच्या मांडीवर होती.