आईचा हिरवा ठिपका

"आकडे नकोत," वार्ताहर बाई म्हणाल्या. "आकडे मला रोज सतरा कंपन्या पाठवतात. माणूस दाखवा."

तो कसाबसा हसला. अकरा महिने तो 'हाक'च्या प्रसिद्धीचं काम बघत होता आणि अकरा महिन्यांत एकाही पेपरने दोन ओळी छापल्या नव्हत्या. पत्रकं पाठवून हात दुखले, फोन करकरून तोंड दुखलं. या महिन्यात बातमी आली नाही तर गाशा गुंडाळायचा, असं मालकांनी सोमवारी सरळ सांगून टाकलं होतं. बाई आल्या होत्या हेच नवल. त्यांच्याही डोळ्यांखाली काळं होतं.

'हाक' म्हणजे तसं साधंच अ‍ॅप. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने सकाळी उठल्यावर एक बटण दाबायचं. लेकाच्या नाहीतर लेकीच्या फोनवर हिरवा ठिपका येतो. नऊपर्यंत दाबलं नाही तर तिकडे घंटा वाजते. बस, एवढंच.

"रोज किती जण दाबतात?" बाईंनी शेवटी आकडा विचारलाच.

"शंभरातले अठ्ठ्याण्णव."

मागच्या आठवड्यापर्यंत ऐंशीसुद्धा नव्हते. म्हातारी माणसं विसरतात, चष्मा सापडत नाही, घंटा वाजते, मुलं वैतागतात आणि चार दिवसांत अ‍ॅप काढून टाकतात. रविवारीच तो इंजिनिअरला म्हणाला होता, "बाई गुरुवारी येतायत. तेवढा आकडा सांभाळून घे." इंजिनिअरने मान डोलावली आणि आकडा खरोखरच वर चढला. कसा, हे विचारायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

"आणि माणूस?" बाईंनी आठवण करून दिली.

"माझी आईच आहे," तो म्हणाला आणि स्वतःशीच ओशाळला. आईला बातमीत ओढायचं त्याच्या मनात नव्हतं. पण दुसरं कोण होतं?

"सुरुवातीला बटण एकच होतं. 'उठलो'. आई म्हणाली, हात लावणार नाही. मी काय बाप्या आहे? जन्मभर शाळेत व्याकरण शिकवलं ना तिने. दोन महिने अडून बसली. शेवटी तिच्यापायी दुसरं बटण करावं लागलं, 'उठले'. आता सगळ्या बायका तेच दाबतात."

बाई पहिल्यांदा हसल्या. त्यांचं पेन चालायला लागलं.

"त्यांच्याशी बोलता येईल?"

त्याने फोन लावला. रिंग वाजत राहिली आणि थांबली.

"रुसलीय," तो म्हणाला. "रविवारी आमचं जरा वाजलं. चक्कर येतेय म्हणत होती. मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊन ये, मला इथे मरायला फुरसत नाही. तर म्हणाली, तुला आई नकोय, ठिपका हवाय. तेव्हापासून फोन घेत नाही."

"मग काळजी नाही वाटत?"

"म्हणून तर हे अ‍ॅप. बोलत नाही, पण बटण चुकवत नाही. बघा." त्याने फोन पुढे केला. सोमवार, मंगळवार, बुधवार, आज. चार हिरवे ठिपके ओळीने बसले होते. "तेही बरोबर पावणेनऊला. एरवी कधी सहा, कधी साडेआठ. राग आला की ती अशीच कडक होते."

बाईंनी त्या पडद्याचा फोटो काढला. अबोला धरलेली आई आणि तिचा ठिपका. त्यांनी हे शब्द वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

"आजच देते," त्या म्हणाल्या. "पहिल्या पानासाठी भांडेन."

त्या गेल्या आणि तो खुर्चीत तसाच बसून राहिला. आनंद व्हायला हवा होता, पण झोपच जास्त येत होती. आईची मात्र फार आठवण आली. शनिवारी पेपर घेऊनच जाऊ, पाया पडू, दोन शिव्या खाऊ, असं त्याने ठरवून टाकलं. मग उठून इंजिनिअरच्या टेबलाशी गेला.

"काय जादू केलीस रे?"

"जादू कसली, दादा. जे दाबत नाहीत त्यांचं आपणच दाबतो. सोमवारपासून. घंटा नाही, कटकट नाही."

"आपणच?"

"तुम्हीच म्हणालात, सांभाळून घे. एका रात्रीत करायचं होतं. बाई कोण, पुरुष कोण, बघत बसलो असतो तर झालंच असतं. सरसकट जुनंच बटण लावून दिलं."

तो बाजूच्या स्टुलावर बसला.

"अरे, कुणाला काही झालं असलं तर?"

"साठ-सत्तर जण तर आहेत. विसरले असतील, गावाला गेले असतील."

"आत्ताच्या आत्ता बंद कर. आणि त्यांची यादी दे, एकेकाच्या घरी फोन करू. बातमी गेली खड्ड्यात."

इंजिनिअर तोंड पाडून यादी काढायला वळला. तो स्टुलावरून उठतोय तेवढ्यात त्याचा फोन थरथरला. वार्ताहर बाईंचा निरोप होता.

"फोटो छान आलाय. फक्त आईंच्या ठिपक्यांखाली बारीक अक्षरांत चारही दिवस 'उठलो' दिसतंय. व्याकरणाच्या बाई रागावतील. 'उठले' करून छापू का?"