कोरड्या गावातलं मत

“कुणाचा विश्वास बसणार नाही, पण गावात दारूचं दुकान यावं म्हणून मी मत दिलं होतं!” बायकोला पुरून आल्यावर चर्चमध्ये जेवताना म्हाताऱ्या व्हर्लनने ठासून सांगितलं. अलाबामातलं ते गाव पिढ्यानपिढ्या दारूबंदीचं. दुकान आलं असतं, तर त्याच्या करावर इस्पितळ तगलं असतं. पण सात मतांनी बाटली आडवी झाली, इस्पितळाला कुलूप लागलं आणि छातीत कळ आलेली बायको चाळीस मैलांवरच्या दवाखान्याच्या वाटेतच गेली. “मतपत्रिकेवरचा गोल असा दाबून काळा केला, की पेन टेबलातून आरपार जाऊन पाद्रीबाबांच्या बुटात रुतलं!” लोक हसले. व्हर्लनला जरा बरं वाटलं. “पुरे करा, दाजी!” मेहुणी म्हणाली. “चर्चची बस भरभरून ‘दुकान नको’ म्हणणारे मतदार तुम्हीच नेलेत. आणि ताई ‘दुकान हवं’ म्हणाली, म्हणून फक्त तिला घरी ठेवलंत.”