खिडकीखालची ओळ

सतरा नंबरच्या कोठडीचं दार इतकं बुटकं होतं की गाइडने आधीच बजावलं, वाकून या, नाहीतर टेंगूळ घेऊन घरी जाल. सगळे हसले. म्हातारी हसली नाही. लेकीचा हात धरून ती आत शिरली आणि थेट खिडकीखालच्या भिंतीशी गेली.

बाकीचे लोक सहलीला आलेच आहोत तर तुरुंगही पाहून घेऊ म्हणून आलेले. ती दोन दिवसांचा प्रवास करून या एका भिंतीसाठी आली होती. तिचा मुलगा इथेच गेला. प्रेतसुद्धा घरी आलं नाही. त्याच्याबरोबर डांबलेल्या एकाने सुटल्यावर निरोप आणला होता, की खिडकीखाली चमच्याच्या दांड्याने त्याने तुमच्यासाठी लिहून ठेवलंय. काय लिहिलंय, ते त्या भल्या माणसाला सांगता येईना. त्याला अक्षरओळख नव्हती. मग तुरुंगाला कुलूप लागलं, आणि आता कुठे तिकीट काढून आत जायची सोय झाली होती.

गाइडने बॅटरीचा झोत टाकला. ‘आई, काळजी करू नकोस.’ मागे कुणीतरी नाक ओढलं. लेकीचे डोळे भरून आले. म्हातारीने ओळीवर बोट फिरवलं आणि हात मागे घेतला.

“हे त्याचं नाही,” ती म्हणाली.

“वहिनी, अगं, संकटात माणसाला...” लेक समजूत घालायला गेली, आणि स्वतःच थांबली.

एकत्र कुटुंबात दीर तिला वहिनी म्हणत. ते ऐकून दोन्ही पोरंही वहिनीच म्हणायला लागली, ती कायमची. आई अशी हाक तिने जन्मात ऐकली नव्हती.

घोळका पुढे गेल्यावर तिने गाइडला गाठलं. माणूस वाईट नव्हता. जरा घुटमळला, मग खरं काय ते सांगून मोकळा झाला. भिंतींना ओल आली होती, म्हणून जुना गिलावा सगळा खरवडून काढला. नवा केला तर कोठड्या अगदीच ओक्याबोक्या दिसायला लागल्या, लोक दोन मिनिटांत बाहेर पडायचे. तेव्हा पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला बोलावून प्रत्येक कोठडीत एकेक ओळ कोरून घेतली.

काढण्याआधी कुणी काही उतरवून घेतलं होतं का, असं तिने विचारलं.

“मावशी, चार ट्रक राडारोडा निघाला. वाचत कोण बसणार?”

आणि तो राडारोडा? तो समोरच्या गाडीतळाच्या भरावात गेला होता.

त्याच गाडीतळावर बस हॉर्न देत उभी होती. लेकीने तिला हाताला धरून आणलं. चालता चालता म्हणाली, त्याने ‘वहिनी’ असंच लिहिलं असणार, तेवढं तर आपल्याला नक्की माहीत आहे.

म्हातारी बसच्या पायरीवर एक पाय ठेवून थांबली.

“तेवढं मला घरी बसूनही माहीत होतं गं. मी पुढचं वाचायला आले होते.”