नव्वद लाख छत्तीस हजार अकरा

१९५८ सालचा भाद्रपद. कलकत्त्याच्या एका संस्थेत तेव्हा हाताने फिरवायची यंत्रं घेऊन आकडेमोडीला बायकाच बसत. दिलेली मोठी संख्या कशाने भागली जाते, की अविभाज्य आहे, ते शोधायचं. एकच संख्या दोघींना, ताळा चहाच्या वेळी. तोवर दुसरीच्या कागदात डोकावलं तर नोकरी गेली.

अणिमा नाग दिवसभर हँडल फिरवी. शेजारची कनकलता सान्याल तेवढंच काम उरकून मुरमुरे खात बसे. दुर्गापूजेआधी एकच जण नोकरीत कायम होणार होती.

ही माझंच बघते, असं अणिमाच्या मनाने घेतलं.

तिने अविभाज्य संख्यांच्या तक्त्यातल्या दोन उचलल्या, गुणल्या आणि आलेली ९०,३६,०११ दोघींच्या गठ्ठ्यात सरकवली. आपल्या कागदावर मुद्दाम 'अविभाज्य' असं खोटंच लिहिलं, कागद पालथा घातला आणि पाणी प्यायला गेली.

चहा आला. कनकलताने चिठ्ठी पुढे केली. "तीन हजार एक गुणिले तीन हजार अकरा."

"इतक्यात झालं, कनकदी?"

"मी आधी वर्ग बघते, बाई. तीन हजार सहाचा वर्ग या संख्येहून पंचवीसने मोठा. पंचवीस म्हणजे पाचाचा वर्ग. तीन हजार सहातून पाच काढ, मग मूळ तीन हजार सहात पाच मिळव. झालं! तू आपली घाण्याच्या बैलासारखी फिरतेस."

अणिमाचे कान तापले. उगाच संशय घेतला हिच्यावर.

कनकलता जवळ सरकली. "पण गंमत सांगू? तक्त्यात या दोन्ही लागोपाठ येतात. कामातली संख्या सहसा अशी नसते गं. ही कुणीतरी तक्ता उघडून बनवलीय. तीही आळशी माणसाने."

"कुणाला काय पडलंय?"

"तेच म्हणते मी. आणि तू हिला अविभाज्य लिहावंस?"

अणिमाने आपल्या कागदाकडे पाहिलं. तो अजून पालथाच होता.

कनकलताचं मुरमुरे चावणं थांबलं.

मग तिने आपली चिठ्ठी मातीच्या पेल्यातल्या उरल्या चहात बुडवली. अणिमाने आपला कागदही त्याच पेल्यात बुडवायला पुढे केला.

कायम झाली ती खोलीच्या साहेबांची, घोषालबाबूंची, भाची. चार वर्षांनी मोठं यंत्र आलं आणि खोलीच बंद झाली. घोषालबाबू काशीला जाऊन राहिले. अणिमा कृष्णनगरच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवू लागली. कनकलता मुलाकडे जमशेदपूरला गेली, पण दर विजयादशमीनंतर नारळाचे लाडू घेऊन अणिमाकडे येई.

जेवणं झाली की दोघी पत्ते खेळत. अणिमा आपले पत्ते छातीशी धरून बसे. कनकलताही, कुणी न सांगता, खुर्ची जरा मागे घेई.