धुराचा डबा

चातुर्मासात मुनी महाराजांपुढं नेमिनाथनं बिडी सोडली, आणि त्याला जोड म्हणून त्याच्या बायकोनं, शालननं, चहा सोडला. पण तंबाखूच्या निपाणीत जन्म काढायचा, त्यात गॅरेज चालवायचं आणि बिडी सुटायची? नाव नको! महिन्याभरातच शालनला त्याच्या तोंडाचा वास आला.

"अगं, धंद्यासाठी करावं लागतंय," नेमिनाथनं ठोकून दिलं. "इंजिनाची हवा कुठनं गळतीय ते डोळ्याला दिसत न्हाय. नळीतनं बिडीचा धूर फुंकला की जिथं चीर आसंल तिथनं तो भाईर येतोय."

दुसऱ्या दिवशी शालन गॅरेजात आली ती रंगाचा रिकामा डबा आणि सायकलचा पंप घेऊन. झाकणाला दोन भोकं पाडून तिनं एकात पंप बसवला, दुसऱ्यातनं नळी काढून समोरच्या गाडीच्या इंजिनात सोडली. मग नेमिनाथच्या खिशातला बिड्यांचा कट्टा काढला, सगळ्या पेटवून डब्यात टाकल्या, झाकण दाबलं आणि पंप मारला. फुटक्या पाईपातनं धूर भसाभस बाहेर आला. गिऱ्हाईक तर टाळ्याच पिटायला लागलं.

नेमिनाथ त्या धुराकडं बघत राहिला. आपल्याच तोंडानं सांगितलेलं, आता मागं कसं घ्यायचं?



"आता तुमाला तोंड लावायला नको," पंप त्याच्या हातात देत शालन म्हणाली. "मी जाते घरी. चहाची वेळ झाली की अजून डोकं ठणकतंय माझं."