टाचेवरचा बिब्बा

सून स्वयंपाकघरातही चप्पल घालून फिरते, हे गोदाक्कांनी अख्ख्या आळीला सांगून झालं होतं. शेवटी त्यांनी ती काढायला लावली, तर सुनेला पाय टेकवेना. टाचेखाली खडबडीत गाठ होती.

"कुरूप आहे. चटका बसला की मुळासकट जाईल," म्हणत त्यांनी सुईला टोचलेला बिब्बा दिव्यावर तापवून गाठीवर दाबून धरला. सुनेनं पदराचा बोळा तोंडात कोंबला, पण पाय हलवला नाही.

आठवड्यानं दवाखान्यात पू काढताना डॉक्टरीणबाई संतापल्या. "कुरूप नव्हे, चामखीळ होती ही. साध्या औषधानं गेली असती. आता जखम हाडाला भिडलीय, टाच वाचेल का सांगता येत नाही. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागतो. घरात आणखी कुणाला आहे?"

सुनेनं मान खाली घातली. न्हाणीत पाय घासायला सगळ्यांना मिळून एकच वज्री होती, आणि तसलीच गाठ गोदाक्कांच्या टाचेला कित्येक वर्षं होती.

"मला आहे," गोदाक्का म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या.

"बिब्बा धरला तेव्हा माझ्या छातीत लाथ घालायचीस. इतकं कुणाचं ऐकू नये गं, माझंसुद्धा."