नुसता डबा

“काडतुसं हवीत,” सत्यभामा म्हणाली आणि सासऱ्याचा परवाना तिनं काचेवर ठेवला. “नंबर आत लिहिलाय. दोन डबे.”

बद्रुभाईंनी आधी तिच्याकडे बघितलं, मग कडेवरच्या दीड वर्षाच्या सुजाताकडे. मुलीचा हात काचेखालच्या पितळी रांगेकडे चालला होता. सत्यभामानं तो मुठीत धरला. दुकानात शिरल्यापासून तिचं सगळं लक्ष तेवढ्यावरच होतं. भिंतीला साखळीनं बांधलेल्या बंदुका. कोपऱ्यात बाकावर एक गिऱ्हाईक, तोंडासमोर पेपर. पेपरात वर विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावाची बातमी, खाली जळलेल्या घरांचा फोटो.

“सांडूमामा खुद नहीं आए?”

“पाय मोडलाय त्यांचा.”

बाकीचं तिनं सांगितलं नाही. शेजारच्या गावची वस्ती परवा पेटली होती. यांच्या गावात जमीनदार सर्जेरावच्या ओट्यावर रोज माणसं जमत होती, रॉकेलचे डबे आल्याचं बायका पाण्यावर बोलत होत्या. पण ओट्यावरच कुणीतरी म्हणालं होतं, सांडूकडं पलटणीची बंदूक हाय, आन् गोळ्या बख्खळ. तेवढ्यावर माणसं पांगली होती. चिकलठाण्याच्या कंपनीतली पाळी बुडवून तिचा नवरा कडुबा दोन दिवस ती रायफल मांडीवर घेऊन वस्तीच्या तोंडाशी बसला होता. गोळी आपण सांगू तेव्हाच भरायची, अशी म्हाताऱ्याची ताकीद होती. डबे त्याच्या ट्रंकेत आणि किल्ली त्याच्या करगोट्याला.

त्या ट्रंकेची सत्यभामाला धास्ती होती. मुलगी रांगायला लागली तेव्हापासून तिनं ट्रंकेवर उखळ ठेवलं होतं. दर पोळ्याला म्हातारा शहरातून नवा डबा आणायचा, तोही उघडपणे, हातात धरून. चावडीसमोरच्या हॉटेलात तो टेबलावर ठेवून सावकाश चहा प्यायचा. बॉर्डरवर उभा राहिलेला माणूस, पिशवीत घालून आणायची अक्कल कशी नाही, असं तिला दरवर्षी वाटायचं.

आज पहाटे त्यानंच तिला उठवलं. “बाप्यांना वाटंत अडवतेत. लेकरू कडंवर असलं की तुला कुणी इचारणार नाय. बद्रुभाईला म्हणायचं, सांडूचा डबा द्या. नुस्ता डबा म्हण, पोरी. दुसरं काय बी बोलू नगंस. आन् येताना चावडीपुढून ये, हातात धरून.”

डबा. म्हातारी माणसं काडतुसांना असंच काहीबाही म्हणतात. सत्यभामा बीए होती. एसटीत बसल्या बसल्या तिनं परवान्यावरचा नंबर पाठ केला होता.

“भाव काय ते सांगा,” ती म्हणाली. “आणि एका डब्यात किती येतात?”

बद्रुभाईंनी चष्मा वर सरकवला. “बाई, या रायफलीचा माल आता कुठला? पंचेचाळीसला लढाई संपली तेव्हा फौजेचा उरलेला माल पेट्यांनी यायचा. रुपयाला दोन द्यायचो मी. मग रुपयाला एक. पासष्टनंतर फौजेनं माल सोडणंच बंद केलं. आज चाळीस रुपये एकाला दिले तरी पुण्यात मिळणार नाही, मुंबईत मिळणार नाही.”

“पण मामंजी तर दरवर्षी नेतात.”

“काडतुसं?” बद्रुभाई हसले. त्यांनी परवाना उलटला आणि शेवटच्या नोंदीवर बोट ठेवलं. शाई पिवळी पडली होती. “ये देखो. चौसष्ट साल, दहा नग. त्यानंतर कोरं. दर पोळ्याला येतात बिचारे, भाव विचारतात, चहा पितात आणि एक रिकामा डबा मागून नेतात. खिळे ठेवत असतील, असं मी समजत होतो.”

त्यांनी फळीवरून एक डबा काढला. पुठ्ठ्याचा, लाल छापाचा. अगदी तसाच.

सत्यभामाला ट्रंक आठवली. तिच्यावरचं उखळ आठवलं. नुस्ता डबा म्हण, पोरी. मग कडुबा आठवला, रायफल मांडीवर घेतलेला.

तिच्या मागं पेपराची घडी पडल्याचा आवाज झाला.

बाकावरचं गिऱ्हाईक उठलं. दुरुस्तीला टाकलेली दुनळी बंदूक घ्यायला आलेला सर्जेराव. तो निवांतपणे काचेपाशी आला. बद्रुभाईंच्या हातातला डबा त्यानं घेतला, कानाशी नेला आणि हलवून बघितला. सुजाताला तो खेळ वाटला. तिनं दोन्ही हात पुढं केले.

सर्जेरावनं डबा तिच्या हातात दिला.

“सांडूची सून ना तू?” तो म्हणाला. “लेकरू घिऊन एसटीत कुठं हाल काढतीस? चल, जीप हाय बाहेर. रिकामीच हाय.”